मॉक पोलची पन्नास मतं

लोकशाहीचा पाया शाळेत घातला जातो. हे वाक्य मी इतकी वर्षं आणि इतक्या ठामपणे म्हणत आलो आहे की ऐकणाऱ्याला वाटावं, पाया खणताना मी तिथं टेप धरून उभा होतो. खरं कारण साधं आहे. निवडणुकीच्या आधी शिक्षकांना मतदान केंद्राचं काम शिकवायचं असतं, त्या प्रशिक्षणात मी दर वेळी बोलायला असतो, आणि भाषणाची सुरुवात कशानं तरी करावी लागते. समोर चार-पाचशे शिक्षक बसलेले असतात. त्यातले निम्मे ड्यूटी रद्द करायच्या अर्जात कोणता आजार लिहावा याचा विचार करत असतात. अशा वेळी पायाबियाचं बोललं की निदान पुढच्या दोन रांगा वही उघडतात.

माझा हातखंडा विषय म्हणजे मॉक पोल. खरं मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर पन्नास मतं नुसतीच टाकून बघायची, यंत्र ती नीट मोजतं हे सगळ्यांना दाखवायचं, मग ती पुसायची आणि कोऱ्या यंत्रावर मतदान सुरू करायचं. क्लोज, रिझल्ट, क्लिअर. हे तीन शब्द मी सभागृहाकडून मोठ्यानं म्हणवून घेतो. त्यानंतर तिसरा शब्द विसरलेल्या एका केंद्राध्यक्षाची गोष्ट सांगतो. संध्याकाळी त्याच्या यंत्रात मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली होती. सभागृह हसतं. गेल्या वर्षापर्यंत मीही हसत होतो.

मी राहतो उस्मानपुऱ्यात आणि शिकवतो पैठण रस्त्यावर, चितेगावच्या पुढं असलेल्या एका हायस्कुलात. विषय इतिहास आणि नागरिकशास्त्र, म्हणजे परीक्षेत भूगोलापेक्षा कमी आणि भाषणात सगळ्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा. मुलं कंपन्यांत जाणाऱ्यांची, शेती करणाऱ्यांची, रस्त्याकडेला दुकान टाकलेल्यांची. दर वर्षी आमच्याकडं विद्यार्थी मंत्रिमंडळ व्हायचं, ते मुख्याध्यापक नेमायचे. हुशार मूल मुख्यमंत्री, अक्षर चांगलं असलेलं फलकलेखन मंत्री, आणि ज्याला कुठंच बसवता येत नाही तो स्वच्छता मंत्री. गेल्या वर्षी मी हट्ट धरला की मुख्यमंत्री तरी मतदानानं निवडायचा. शाळा समितीच्या बैठकीत एका विद्यार्थी प्रतिनिधीला बसवायचं ठरलं होतं, तो हाच मुख्यमंत्री असावा आणि मुलांनीच निवडावा असं माझं म्हणणं. मुख्याध्यापकांना ते पटलं. त्यांना त्यात फ्लेक्स दिसला.

दोनच अर्ज आले. एक दहावीतला मुलगा, कबड्डीच्या संघाचा कप्तान. शाळेची जमीन ज्यांनी दिली त्या आबांचा नातू. मुलगा वाईट नव्हता, मैदानासाठी मॅट आणायचं त्याचं आश्वासन होतं आणि आजोबा बघता ते पुरं होण्याजोगं होतं. दुसरा अर्ज नववीतल्या एका मुलीचा. तिचे वडील आडरस्त्यावरच्या एका गावात विहिरीच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून द्यायचे. घरी ती दखनी बोलायची, आमच्याशी मराठी आणि भांडताना दोन्ही.

अर्ज देताना तिनं मला विचारलं, ‘सर, जो निवडून येईल त्याला त्या बैठकीत खुर्ची मिळती ना?’

मिळते म्हटलं.

‘मग मला ती खुर्ची पाह्यजे. बिल्ला तुम्ही कुणालाबी लावा.’

तिचा प्रश्न पाच मिनिटांचा होता. शाळा सव्वापाचला सुटायची आणि तिच्या गावाकडं जाणारी एसटी पाच-दहाला फाट्यावरून निघून जायची. त्यानंतरची साडेसहाला, कंपन्यांच्या पाळ्या सुटलेल्या माणसांनी भरलेली, थांबली तर थांबली. तोवर मुली ट्रकच्या रांगेशेजारी आणि पानटपरीसमोर उभ्या. मुलांचं अडत नव्हतं, ती कुणाच्याही टेम्पोला, मोटारसायकलला हात करून जायची. तिची थोरली बहीण याच सव्वा तासापायी नववीत घरी बसली. आता वडिलांनी हिला सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत बघू, शाळेची वेळ बदलली तर ठीक, नाहीतर सतरा नंबरचा फॉर्म भरू, बाहेरून परीक्षा दे. बाहेरून म्हणजे घरातून. ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

शाळा सकाळी पंधरा मिनिटं आधी भरवून पाचला सोडावी, एवढीच तिची मागणी. मी स्वतः हे मुख्याध्यापकांना दोनदा सांगितलं होतं. ते म्हणाले, हा धोरणात्मक विषय आहे.

प्रचार आठवडाभर चालला. मुलींची मतं तिला मिळणार हे दिसत होतं, पण आमच्याकडं मुलं जास्त. तिनं काय केलं, तर सायकलवर येणाऱ्या मुलांना गाठून सांगितलं की शाळा पाचला सुटली तर अंधार पडायच्या आत मैदान पंधरा मिनिटं जास्त मिळेल. कप्तानाच्या मॅटवर खेळायलाही ती पंधरा मिनिटं लागतीलच की. हे मी वर्गात शिकवलेलं नव्हतं.

मी शिकवत होतो ते वेगळंच. दोन्ही बाजूंच्या मतदान प्रतिनिधींना घेऊन बसलो, कागद कसे लिहायचे ते दाखवलं. शंका आली तर शांतपणे विचारायची, गोंगाट करायचा नाही, अधिकाऱ्याचं काम अधिकाऱ्याला करू द्यायचं. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. मुलं वहीत काय उतरवून घेतात याचा मास्तरांनी थोडा धसका घ्यायला हवा, पण तेव्हा मला तसं काही वाटलं नाही.

मतदान प्रयोगशाळेत ठेवलं. यंत्र म्हणजे एक अॅप. शाळेच्या टॅबवर मत द्यायचं, मोजणी माझ्या मोबाईलवर. बोटाला निळं मार्कर. दारावर मुख्याध्यापकांनी फ्लेक्स लावला होता, ‘लोकशाहीचा महोत्सव’. त्यावर शाई लावलेलं एक बोट आणि मुख्याध्यापकांचा फोटो होता. बोट लहान होतं.

पहिल्या तासाला मॉक पोल घेतला. कुणीही म्हटलं नव्हतं की शाळेच्या निवडणुकीत मॉक पोल घ्या. मीच म्हटलं होतं. प्रतिनिधींनी पाळीपाळीनं पन्नास मतं टाकली. कप्तानाचे प्रतिनिधी उत्साही, ते आपल्याच माणसाचं बटण दाबत होते. तिची प्रतिनिधी आठवीतली एक चष्मेवाली मुलगी, ती प्रत्येक मताला वहीत एक रेघ ओढत होती. शेवटी मी क्लोज दाबलं, रिझल्ट दाबलं. कप्तान एकतीस, ती चौदा, नोटा पाच. वहीतल्या रेघांशी तंतोतंत जुळलं. मी आकडे एका कागदावर लिहिले, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, कागद खिशात घातला आणि क्लिअर दाबायला अंगठा पुढं केला.

त्या क्षणी मोबाईलच्या पडद्यावर मुख्याध्यापकांचं नाव आलं. प्रमुख पाहुणे तासभर आधीच आले होते. आबा सगळीकडं तासभर आधी जातात. हार अजून आला नव्हता, हाराच्या ऐवजी काय करायचं हे ठरवायला इतिहासाचा मास्तर लागत होता. मी धावत फाटकाशी गेलो. हार आला, फोटो झाला, हार काढून पुन्हा घालून दुसरा फोटो झाला. पाऊण तासानं परत आलो तेव्हा आठवीची रांग व्हरांड्यातून जिन्यापर्यंत गेली होती आणि पोरं भिंतीचे पोपडे काढत होती. मी अॅप उघडलं आणि ‘मतदान सुरू’ दाबलं.

विधानसभेला, लोकसभेला, जिल्हा परिषदेला मी केंद्राध्यक्ष होतो. एकदाही चुकलो नाही. तिथं मला कुणी हार धरायला बोलावलं नव्हतं.

मतदान चांगलं झालं. एका पोरानं विचारलं, माझा भाऊ तापानं घरी आहे, त्याचं मत मी देऊ का. दुसऱ्यानं शेजारच्याच्या कानात सांगितलं की घरी तर बाबाच सगळ्यांचं देतात. मी दोघांनाही कलमासकट उत्तर दिलं. तीन वाजता सगळी मुलं मैदानावर बसली. आबांना पुढं पिशोरला एका सोयऱ्याकडं जायचं होतं, म्हणून निकाल लगेच हवा होता. खऱ्या केंद्रावर मी आधी सह्यांचं रजिस्टर मोजतो, मग यंत्राचा एकूण आकडा लिहितो, दोन्ही जुळले की पुढं. इथं मुख्याध्यापक माझ्या कोपराला धरून उभे होते. मी माईकवर वाचून दाखवलं. कप्तान एकशे अठ्ठ्याहत्तर, ती एकशे त्रेसष्ट, नोटा एकवीस. पंधरा मतांनी कप्तान विजयी.

टाळ्या वाजल्या. वाचता वाचताच मला काहीतरी खटकलं होतं, जेवणात एखादा खडा लागावा तसं. तेवढ्यात मागच्या रांगेतून ती चष्मेवाली उठली, वही छातीशी धरून. मुख्याध्यापकांनी माईकवरूनच सांगितलं की शंका नंतर. ती बसली. शांतपणे बसली, मी शिकवलं होतं तशी. आबांनी नातवाच्या खिशाला बिल्ला लावला. पिन टोचली तेव्हा तो जरासा कसनुसा झाला, फोटोग्राफरनं हसायला सांगितलं.

मैदान रिकामं झाल्यावर मी प्रयोगशाळेचं दार लावून रजिस्टर घेऊन बसलो. सह्या मोजल्या. तीनशे बारा. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा प्रत्येक पानाची बेरीज समासात लिहीत गेलो. तीनशे बारा. मोबाईलवर तीनशे बासष्ट. खिशातला कागद काढायची गरज नव्हती, तरी काढला. पन्नास मतं वजा केली. कप्तान एकशे सत्तेचाळीस. ती एकशे एकोणपन्नास.

समोरच्या दहा नळांपैकी एक सोडून बघितला, पण प्रयोगशाळेच्या नळांना आमच्याकडं पाणी नसतं. खरं सांगायचं तर मला आधी ती मुलगी आठवली नाही. आधी आठवलं ते सभागृह. चार-पाचशे शिक्षक, तिसरा शब्द विसरलेल्या माणसाची गोष्ट आणि ती सांगणारा दुसराच कुणीतरी. मोबाईलच्या पडद्यावर क्लिअरचं बटण अजून होतं. आता दाबलं असतं तर आकडे गेले असते, आणि उरला असता खिशातला एक कागद. मी अंगठा त्या बटणावर धरून किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. थोडा नाही.

मुख्याध्यापक आत आले ते खुशीत होते. मी त्यांना रजिस्टर दाखवलं. सह्या पन्नास कमी आहेत म्हटलं.

‘मग वाढवा,’ ते म्हणाले. ‘पन्नास सह्यांना कितीसा वेळ लागतो?’

मी नीट समजावून सांगितलं. कोण खरं निवडून आलं तेही सांगितलं. ते स्टुलावर बसले, चष्मा पुसला, आणि माझ्याशी वडीलधाऱ्यासारखे बोलू लागले. मुलांचा खेळ आहे. आबांच्या हातून बिल्ला लागला आहे, तो काढायला सांगणार कोण? आणि तुम्ही स्वतः जिल्ह्याचे ट्रेनर, बाहेर काय म्हणतील? शेवटच्या वाक्यावर त्यांनी जोर दिला नाही. द्यावा लागला नाही. जाताना म्हणाले, मोबाईल तुमचा, अॅप तुमचं, तुम्हाला कळतं काय ते.

ते गेले आणि दारात त्या दोघी उभ्या होत्या. चष्मेवालीनं वही पुढं केली. रेघांच्या खाली तिनं बेरीज-वजाबाकी करून ठेवली होती, उत्तराभोवती चौकोन काढून, गणिताच्या बाईंना लागतो तसा. उमेदवार मुलगी मात्र वहीकडं बघतसुद्धा नव्हती.

‘सर, मला फक्त एवढं सांगा,’ ती म्हणाली. ‘पडले का नाय? पडले असेन तर घरी तसं सांगते. अब्बा आज इचारणार.’

मी म्हणालो, उद्या सकाळी प्रार्थनेनंतर सांगतो.

‘उद्या म्हणजे उद्याच ना?’

मी मान हलवली. एका सरळ प्रश्नाला मी दिलेलं ते उत्तर होतं. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

फाट्यावर मला शहराकडं जाणारी शेअर रिक्षा मिळाली. भरायची वाट बघत ती उभी होती, आणि रस्त्याच्या पलीकडं, पानटपरीपासून जरा बाजूला, त्या चौघी-पाचजणी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. तिनं मला पाहिलं होतं. हात केला नाही, की नजर वळवली नाही. रिक्षावाला आणखी एका माणसासाठी ‘रेल्वे टेशन, उस्मानपुरा’ ओरडत राहिला. तो माणूस यायला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी मुख्याध्यापकांना सांगितलं की मी प्रार्थनेच्या वेळी सगळं सांगणार. त्यांचा चेहरा उतरला, मग ते म्हणाले की निदान आधी आबांच्या कानावर घालू, ते त्यांना बाहेरून कळलं तर शाळेचं काही खरं नाही. ते एक त्यांचं बरोबर होतं. आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवर बसून गेलो. वाटेत ते चुकीचं वळण घेतल्यासारखे दोनदा थांबले.

आबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, नातू शाळेचा गणवेश घालून बुटाची लेस बांधत होता. बिल्ला खिशाला होताच. मुख्याध्यापकांनी हवामानापासून सुरुवात केली. मी मध्येच तोडून सांगून टाकलं. सगळं, फोनसकट. हाराचा उल्लेख आला तेव्हा मुख्याध्यापकांनी खोकून बघितलं.

आबांनी कागद मागितला. चष्मा नव्हता म्हणून लांब धरला. मग रजिस्टरचा आकडा विचारला, मोबाईलचा विचारला, आणि बोटाच्या पेरांवर हळूहळू वजाबाकी केली. मी तेवढा वेळ अंगणातल्या ट्रॅक्टरचा नंबर वाचत होतो. अजूनही तो मला पाठ आहे.

‘दोन,’ आबा म्हणाले.

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला.

‘दोन मतानं पडनं लई वाईट, गुरुजी. पंचायतीला मी चारनं पडलोय. अजून ती चार घरं हुडकतोय.’ मग त्यांनी नातवाकडं पाहिलं. ‘तुला ठावं व्हतं का रं हे?’

मुलानं लेस सोडून दिली. ‘व्हय. पोरांनी कालच बेरीज केली व्हती. सगळ्यांकडं आकडं हायत.’

‘मग बोलला का नाय?’

तो माझ्याकडं बघून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, वर्गात उत्तर देतात तसा तो बोलत होता, ‘सरांनीच सांगितलं व्हतं, अधिकाऱ्याचं काम अधिकाऱ्याला करू द्या. आमी बघत व्हतो सर काय करत्यात.’

म्हणजे आदल्या दिवशी दार लावून मी जे गुपित उराशी धरून बसलो होतो, ते दहावीच्या दोन्ही तुकड्यांना ठाऊक होतं. मोबाईलवर अंगठा धरून मी बसलो होतो तेव्हा एक अख्खी शाळा मला तपासत होती. मी आजवर त्यांच्या किती चाचण्या घेतल्या असतील. त्या सगळ्यांत मिळून मी त्यांना एवढा घाम फोडला नसेल.

आबा उठले. त्यांनी नातवाच्या खिशावरचा बिल्ला स्वतः काढला, पिन बंद केली आणि माझ्या हातात दिला. मी माफी मागायला लागलो तर हातानंच थांबवलं. ‘मला पुन्यांदा बोलवू नका म्हंजे झालं,’ म्हणाले. ‘आनि बोलावलंच तर हार आनू नका.’

प्रार्थना झाली. राष्ट्रगीतानंतर मुलं खाली बसतात तेव्हा नेहमी एक कलकल होते. त्या दिवशी झाली नाही. मी माईकसमोर उभा राहिलो. पायाचं वाक्य सुचलं नाही, त्याऐवजी सरळ आकडे सांगितले. मॉक पोलची पन्नास मतं मी पुसायला विसरलो, ती निकालात मिसळली, तुम्ही दिलेली मतं तीनशे बारा, त्यांची मोजणी अशी. कागद आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं आहे, ज्याला बघायचं त्यानं येऊन बघावं. चूक माझी. कप्तान उठून पुढं आला, तिच्याशी हात मिळवला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. ती हसली. नंतर कळलं की तो म्हणाला होता, मॅटचं तू बघ आता.

टाळ्या झाल्या, पण मला आठवते ती रांग. रजिस्टर बघायला साठ-सत्तर मुलं आली. प्रत्येक जण आपली सही शोधायचा, सापडली की तिच्यावर बोट ठेवायचा आणि जायचा. चष्मेवाली टेबलाशी उभी राहून पानं उलटत होती. मला तिनं खुर्ची मागे घ्यायला सांगितली, उजेड अडत होता म्हणून.

मुख्याध्यापकांनी पत्रकारांना कळवलं की पारदर्शकतेचं प्रात्यक्षिक म्हणून शाळेनं हा प्रयोग मुद्दाम आखला होता. बातमी छान आली. फोटो हाराचा होता.

शाळा समितीची बैठक पुढच्या महिन्यात झाली. मी टिपणं घ्यायला होतो. तिला खुर्ची दिली, दाराजवळची. विषय आठ होते, तिचा आठवा. पहिले सात कुंपण, फाटकाची कमान आणि कमानीवर कुणाचं नाव याविषयी होते आणि कमानीला वेळ लागला. तिचा चहा थंड झाला, तिनं तो घेतला नाही. साडेचारला तिची पाळी आली. तिनं उभं राहून चार वाक्यांत सांगितलं, किती मुली, कोणती गावं, कोणती बस, किती वाजता. एका सदस्यानं विचारलं की एसटीच उशिरा का येऊ शकत नाही. दुसऱ्यानं विचारलं की बाळ, तू अभ्यासात कशी आहेस. तिसऱ्यानं वेळ बदलायला वरची परवानगी लागते का हे तपासायला सांगितलं, आणि ते कोणी तपासायचं यावर पुन्हा बोलणं झालं.

ती बसली नाही. म्हणाली, ‘दिवाळीला पाच आठवडे हायत. मला तेवढेच हायत.’

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघून लिहा असं खुणावलं. मी लिहिलं. बाहेर येऊन तिनं मला विचारलं, झालं का, सर? निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी माईकवर उभं राहणं मला त्या प्रश्नापेक्षा सोपं गेलं होतं. मी जे लिहिलं होतं ते तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं आणि थेट व्हरांड्याच्या टोकाला, घंटेखालच्या स्टुलावर बसलेल्या शिपाईमामांकडं गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. दोन मिनिटांत परत आली, दप्तर घेतलं.

ती आता दहावीत आहे. शाळेची वेळ कागदोपत्री सव्वापाचच आहे, तो विषय इतिवृत्तात ‘पुढील बैठकीत घ्यावा’ असा माझ्याच अक्षरात नोंदवलेला आहे, आणि त्या बैठकीपासून मामा सुटायची घंटा पाचला देतात, कारण पाच-दहाची बस त्यांनाही पकडायची असते.